जुना डेस्कटॉप आणि सहा हजारांचं बजेट : पैसे कुठे घालायचे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप. आय३-४१५० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅमची एक पट्टी, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. काम म्हणजे टॅली, जीएसटीचं पोर्टल, बँकेची साइट, एक्सेल आणि दिवसभर उघडं असलेलं व्हॉट्सॲप वेब. जागा सोलापुरात, अशोक चौकाच्या बाजूला. खाली टॉवेलचे माग, वर माडीवर ऑफिस. मशीन सुरू व्हायला सहा-सात मिनिटं घेतं, टॅली आणि ब्राउझर एकदम उघडले की गोठतं आणि उन्हाळ्यात दुपारी अधूनमधून आपोआप रिस्टार्ट होतं. दुकानदार म्हणतो बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदला, अठरा हजार. मुलगा म्हणतो ग्राफिक्स कार्ड टाका. तुमच्याकडे आहेत सहा हजार, आणि तुम्ही विचारताय या दोघांपैकी कोणाचं ऐकू.

कोणाचंच नको. मुलाचा सल्ला मनापासून असेल, पण ग्राफिक्स कार्ड म्हणताना त्याच्या डोळ्यापुढे जीएसटीचा रिटर्न नाही, एवढं नक्की.

तुमच्या मशीनची दुखणी दोन आहेत आणि ती एकच समजल्यामुळे सगळा घोळ झालाय. हळू चालणं हे एक, आपोआप रिस्टार्ट होणं हे दुसरं. पहिल्याचं कारण बहुधा हार्डडिस्क आणि तोकडी रॅम. दुसऱ्याचं कारण धूळ, उष्णता किंवा करंट. प्रोसेसरचा या दोन्हींशी फारसा संबंध दिसत नाही. मी सोलापुरात बरीच वर्षं हेच दुरुस्तीचं काम करतोय. गिऱ्हाइकं बहुतेक टॉवेल-चादरीवाले, टॅक्सची कामं करणारे आणि झेरॉक्सची दुकानं, त्यामुळे तुमच्यासारखी मशीन हाताखालून बरीच गेली आहेत. तरीही समोर न बघता छातीठोक सांगणार नाही. आधी खात्री करू, आणि ती फुकटात होते.

मशीन सुरू करा. डेस्कटॉप दिसला की कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्सच्या टॅबवर सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे दिसतात. पाच मिनिटं काहीही न उघडता ते नुसते बघत बसा. मग टॅली उघडा, जीएसटीचं पोर्टल उघडा, पुन्हा बघा. अशा मशीनवर मला साधारण हेच दिसतं: डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली, मेमरी ८५-९० टक्के आणि सीपीयू वीस-तीस टक्क्यांवर निवांत. म्हणजे प्रोसेसर काम करायला तयार आहे, पण त्याच्यापर्यंत माल पोचत नाही. तुमच्याकडे उलटं दिसलं, म्हणजे सीपीयूच सतत शंभरावर असला, तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी मशीनमध्ये व्हायरस किंवा नको असलेला एखादा प्रोग्राम चालतोय का ते तपासा. त्यासाठी कसलाच पार्ट विकत घ्यायची गरज नाही.

डिस्क का अडकते तेही सांगतो, कारण ते एकदा कळलं की दुकानात तुम्हाला कोणी गुंडाळू शकत नाही. साधी हार्डडिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या सुईखाली, यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद. त्याआधी हेड त्या जागी सरकायला आणखी आठ-नऊ. थोडक्यात, विखुरलेला एक तुकडा वाचायला १२-१३ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ७५-८० तुकडे. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे इकडून-तिकडून वाचते. त्यात तुमची रॅम ४ जीबी. ती भरली की विंडोज जादा झालेला माल त्याच डिस्कवर पेजफाइलमध्ये टाकते आणि लागेल तसा परत उचलते. टॅलीही त्याच हेडच्या रांगेत, ब्राउझरही, अँटिव्हायरसही. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतं. तोच तुकडा एका मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर हाताला लागतो. जाहिरातीत ‘५५० एमबी प्रति सेकंद’ वगैरे मोठ्या अक्षरांत छापतात, पण तुम्हाला जाणवणारा फरक त्या आकड्याचा नसून या शोधाशोधीच्या वेळेचा असतो.

आता ते अठरा हजारांचं कोटेशन परत वाचा. बोर्ड, प्रोसेसर, रॅम. हार्डडिस्क तीच जुनी! म्हणजे जिथे खोळंबा आहे तो भाग तसाच ठेवून बाकी सगळं नवं. पैसे देऊन मशीन घरी आणल्यावर ते परत मिनिटं मोजायला लावणार. शिवाय नव्या बोर्डवर तुमची डीडीआर३, म्हणजे जुन्या पिढीची रॅम बसणार नाही, जुना एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) त्याला पुरेल की नाही ते वेगळं, आणि विंडोजचं ॲक्टिव्हेशन बोर्डाशी बांधलेलं असल्यामुळे तेही बहुधा नव्याने. दुकानदाराला लबाड म्हणत नाही मी. मोठं बिल करणं त्याला सोपं पडतं आणि नव्या बोर्डवर कंपनीची वॉरंटी असते, त्यामुळे परत आलेल्या गिऱ्हाइकाची कटकट त्याच्या अंगावर येत नाही. पण तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

एसएसडी आणायला निघण्याआधी मात्र कॅबिनेट उघडा. सोलापुरात ही पायरी मी कधीच गाळत नाही.

माग चालतात तिथली धूळ वेगळी असते. कापसाचे बारीक तंतू हवेत असतात, जिना चढून ते माडीवर येतात आणि कॅबिनेटचे पंखे ते आत ओढतात. प्रोसेसरची उष्णता शोषणाऱ्या हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये ते अडकतात, त्यावर तेलकट धूळ बसते, आणि वर्ष-दोन वर्षांत पंखा आणि पत्रे यांच्या मध्ये नमद्यासारखा करडा थर जमतो. वरून बघितलं तर फक्त पंखा दिसतो, तो फिरतही असतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. पंखा सोडवून बाजूला केला की तो थर चिमटीत धरून अख्खाच्या अख्खा उचलता येतो आणि खालचं ॲल्युमिनियम कोरंकरकरीत निघतं. बाहेरून ब्लोअर मारून हा थर हलत नाही, उलट आणखी घट्ट बसतो. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा माडीवरच्या पत्र्याखाली काय होत असेल ते तुम्हाला मी सांगायला नको. तेवढ्या गरम हवेने प्रोसेसर थंड करायचा आणि तीही नमद्यातून गाळून, असा प्रकार चाललेला असतो. फार तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, आणि त्याहून पुढे गेलं की मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं.

साफसफाई स्वतः करायची असेल तर वायर काढा, कॅबिनेट गच्चीवर न्या. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने पंखा भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. ओलं फडकं नको, रंगाचा कोरडा ब्रश चालतो. इंटेलचा मूळ कूलर चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो. खुंटीवर बाण कोरलेला असतो, त्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढली की ती सुटते. इतक्या वर्षांत हे प्लास्टिक कडक झालेलं असतं, जोर लावला तर तुटतं, म्हणून हात बसलेला नसेल तर हे काम दुकानातच करून घ्या. कूलर काढला की जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा, थोडीशीच, मधोमध. आणि परत बसवताना चारही खुंट्या ‘टक्’ आवाज करून बसल्या का ते बोर्डाच्या मागून बघा. एक जरी अर्धवट राहिली तर सगळी मेहनत वाया.

कॅबिनेट उघडलंच आहे तर बोर्डवरचा बटणासारखा सेलही बदला, सीआर२०३२ नावाने मिळतो, चहा-भज्यांच्या पैशात येतो. हा सेल संपला की मशीन बंद-चालू केल्यावर तारीख मागे जाते, आणि तारीख चुकीची असली की बँकेची आणि जीएसटीची साइट सर्टिफिकेटची तक्रार करून उघडतच नाही. लोक नेटवाल्याला शिव्या घालत बसतात.

आता रिस्टार्टबद्दल. तापून बंद पडणारं मशीन सहसा बंदच राहतं किंवा सुरू होताच पुन्हा बंद होतं. आपोआप रिस्टार्ट होत असेल तर मला करंटचा संशय जास्त येतो. खाली मागाची मोटर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज पडतं. चांगला एसएमपीएस तेवढा झटका पचवतो. दमलेला पचवत नाही. आठवडाभर एवढंच करा: रिस्टार्ट झालं की वेळ टिपून ठेवा आणि खाली विचारा, आत्ता काय सुरू केलं? दोन-तीनदा जुळलं तर उत्तर मिळालं.

यूपीएस असेल तर काम सेव्ह करून त्याचा भिंतीतला प्लग उपटा. मशीन लगेच मान टाकत असेल तर यूपीएसची बॅटरी गेली, आपल्याकडच्या उन्हात ती दोन-तीन वर्षांपेक्षा फारशी जात नाही. बॅटरी तेवढी बदलून मिळते, अख्खा यूपीएस घेऊ नका. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, ते दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवं. जमलं तर ऑफिसची लाइन मागांच्या लाइनपासून वेगळी घ्या. एसएमपीएसच्या बाबतीत स्टिकरवरच्या ‘४५० वॅट’ला भुलू नका. हातात घेऊन वजन बघा, स्वस्तातला माल हलका असतो. तुमच्या मशीनची भूक तशी थोडी आहे, प्रोसेसर ५४ वॅटचा आणि वेगळं कार्ड नाही, त्यामुळे मोठा एसएमपीएस लागत नाही, खरा लागतो. दुकानदाराला मीटर लावून १२ व्होल्टची लाइन लोडवर दाखवायला सांगा. ११.४ ते १२.६ च्या बाहेर असेल तर एसएमपीएस बदलायचा. बोर्डवरचे कपॅसिटरही (छोट्या डब्यांसारखे उभे पार्ट) बघून घ्या, वरचं टोपण सपाट हवं. फुगलेलं किंवा ओघळलेलं दिसलं तर त्या बोर्डवर एक रुपयाही घालू नका, त्याबद्दल शेवटी बोलू.

एवढं निस्तरलं की एसएसडी. २४०-२५६ जीबीची घ्या. टॅली आणि एक्सेलला तेवढी भरपूर होते. २.५ इंची, सॅटाची, म्हणजे हार्डडिस्कसारखीच केबलने जोडायची हवी. हे मुद्दाम लिहितोय, कारण दुकानात हल्ली पट्टीसारखी एनव्हीएमई एसएसडी पुढे करतात आणि ती सॅटाच्या भावातच पडते म्हणून सांगतात. तुमच्या बोर्डला त्याचा स्लॉटच नाही. ॲडॉप्टर टाकून बसवता येते, पण या जमान्याच्या बहुतेक बोर्डांच्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला) तिच्यावरून विंडोज सुरू करता येत नाही.

जोडताना बोर्डवरचे सॅटाचे पोर्ट नीट बघा. एच८१ वर दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे असतात. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, बऱ्याचदा रंगही वेगळा असतो. एसएसडी ६ वाल्यावर लावा. वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे एच६१ चा बोर्ड असेल तर तिथे चारही पोर्ट ३ चेच असतात. तरीही बिनधास्त घ्या, शोधाशोधीचा फायदा तिथेही मिळतो. बायोसमध्ये सॅटाचा मोड आयडीई या जुन्या पद्धतीवर असेल तर एएचसीआय ही नवी पद्धत निवडा, पण विंडोज नव्याने टाकायच्या आधी. चालू विंडोजवर नुसता बदललात तर निळा स्क्रीन येईल. कॅबिनेटमध्ये २.५ इंची जागा नसेल तर वेगळा ब्रॅकेट घ्यायची गरज नाही. आत हलणारं काही नाही, दुहेरी टेपने चिकटवली तरी चालते.

घेताना तीन वर्षांची वॉरंटी आणि सोलापुरातल्या दुकानाचं पक्कं बिल. कधीही नाव न ऐकलेल्या कंपनीची एसएसडी दोनशे रुपयांनी स्वस्त म्हणून घेऊ नका. हार्डडिस्क जाण्याआधी बहुतेकदा कुरकुर करते, एसएसडी बऱ्याचदा काहीही न सांगता एका सकाळी दिसेनाशी होते. तुमची फर्म जीएसटीत नोंदलेली असेल तर बिलावर स्वतःचा जीएसटी नंबर टाकून घ्या, या पार्ट्सवर १८ टक्के कर आहे आणि त्याचं क्रेडिट मिळतं. सहा हजारांच्या बजेटमध्ये ही रक्कम लहान नाही. काही जण सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जातात तेव्हा लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून उचलून आणतात. माल मिळतो, भावही थोडा बरा असतो, पण वॉरंटीत द्यायची वेळ आली की पुन्हा सिद्धेश्वरचं तिकीट काढायचं.

रॅममध्ये सगळ्यात जास्त फसवणूक होते. तुम्हाला आणखी एक ४ जीबीची पट्टी हवी, डीडीआर३, १६०० मेगाहर्ट्झ. दोन सारख्या पट्ट्या झाल्या की त्या जोडीने काम करतात आणि बोर्डवरच्याच ग्राफिक्सलाही त्याचा थोडा फायदा होतो. एकूण ८ जीबी तुमच्या कामाला पुरते. १६ च्या भानगडीत पडू नका. डीडीआर३ आता नवी अशी फारशी बनत नाही, त्यामुळे ‘नवी’ म्हणून चकचकीत पाकिटात मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्यांवर जुन्याच चिप असतात. त्यापेक्षा एखाद्या कंपनीच्या मशीनमधून काढलेली, नावाजलेल्या कंपनीची जुनी पट्टी मी जास्त भरवशाची मानतो. ऑनलाइन अगदी स्वस्तात ८ जीबीची डीडीआर३ दिसली तर वर्णनात खाली कुठे ‘फक्त एएमडीसाठी’ असं लिहिलंय का बघा. ती एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठीची, वेगळ्या रचनेच्या चिपची असते आणि इंटेलच्या बोर्डवर बीप वाजवत बसते. जुनी पट्टी घेताना दुकानदाराशी तीन-चार दिवसांत परत करायची बोली करा आणि घरी आणल्यावर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एक जरी लाल ओळ आली तरी पट्टी परत. खराब रॅमने टॅलीचा डेटा गुपचूप बिघडू शकतो, आणि ते कळेपर्यंत बॅकअपही बिघडलेलेच घेतले जातात.

आणि विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट ते आधी बघा. ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज. पूर्वी आपल्याकडे सरसकट ३२-बिट टाकून द्यायचे. त्यावर ४ जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही, मग नवी पट्टी नुसती शोभेला.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की ती पैसे न देता मिळते. तुमच्याकडे २२एच२ ही आवृत्ती असली पाहिजे. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, तुमचा चौथ्या पिढीचा. पळवाटा काढून बसवता येतं, बरेच जण बसवून देतातही, पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार चालणाऱ्या मशीनवर मी स्वतः ते करत नाही. लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम) अशा मशीनवर सुरेख चालतं, मुलांच्या अभ्यासाला आणि ब्राउझरला मी तेच टाकून देतो. पण टॅली थेट विंडोजवरचीच, डिजिटल सहीचा टोकन आणि जुना प्रिंटर लिनक्सवर डोकं खातात, म्हणून तुमच्या ऑफिसला तो मार्ग सुचवणार नाही. तेव्हा हे स्पष्ट समजून घ्या की या सहा हजारांत तुम्ही या मशीनचं आयुष्य थोडं वाढवताय. तेवढ्यात पुढच्या मशीनसाठी सवडीने पैसे बाजूला टाकता येतील. अजून विंडोज ७ वर असलेल्यांचं वेगळं. त्यांच्यासाठी क्रोमची अपडेट २०२३ च्या सुरुवातीलाच थांबली, त्यांनी आजच हलावं.

एसएसडीवर जुनी डिस्क क्लोन (जशीच्या तशी कॉपी) करायची की विंडोज नव्याने टाकायची? जुन्या विंडोजमध्ये दहा वर्षांचा पसारा असेल, म्हणून मी नव्याने टाकण्याच्या बाजूने आहे. त्याच बोर्डवर विंडोज १० आधी ॲक्टिव्हेट असेल तर नेटला जोडल्यावर पुन्हा आपोआप होतं. पण त्याआधी तीन कामं. टॅलीचा बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या एखाद्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे नव्या डिस्कवर विनासायास ॲक्टिव्हेट होईल. डिजिटल सहीच्या टोकनचा आणि प्रिंटरचा ड्रायव्हर हाताशी ठेवा. हे नेमकं रिटर्नच्या तारखेच्या आदल्या दिवशी करू नका, महिन्याच्या अखेरीस निवांत करा.

जुनी हार्डडिस्क फेकू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर तिची तब्येत सांगतं. ‘गुड’ असेल तर ती आतच दुसरी डिस्क म्हणून राहू दे, रोजचा टॅलीचा बॅकअप तिच्यावर. पिवळं ‘कॉशन’ आलं असेल, विशेषतः पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) दिसत असतील, तर डेटा काढून घ्या आणि तिला निवृत्त करा. दोन्ही बाबतींत एक बॅकअप ऑफिसच्या बाहेर, घरी. जीएसटीची हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात, डिस्क गेली हे कारण तिथे चालत नाही.

पैशांची वाटणी कशी? नेमके भाव लिहीत नाही, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव चढेच आहेत आणि आठवड्याला हलतात. नवी पेठेत दोन-तीन ठिकाणी विचारून या. साफसफाई, पेस्ट आणि सेल यांना थोडकं बाजूला काढा. उरलेल्यातला निम्म्याहून मोठा वाटा एसएसडीला, मग रॅम. एसएमपीएस खराब निघाला तर तो रॅमच्या आधी. पैसे कमी पडले तर रॅम पुढच्या महिन्यावर ढकला. एसएसडी आल्यावर पेजफाइलही तिच्यावर जाते, त्यामुळे ४ जीबीतही महिनाभर निभावतं. हे सगळं होऊनही टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू शंभरावर दिसत राहिला, तरच प्रोसेसरचा विचार. तेव्हाही बोर्ड न बदलता याच सॉकेटवर जुना आय५-४५७० बसतो: दोनाऐवजी चार कोअर, पण ८४ वॅटचा, म्हणजे कूलर आणि एसएमपीएस त्या तोलाचे हवेत. तुमच्या कामाला ती वेळ येईल असं वाटत नाही.

बोर्डच फुगलेल्या कपॅसिटरचा निघाला, किंवा वाचणाऱ्यांपैकी कोणाचं मशीन कोअर टू ड्युओच्या काळातलं असेल, तर मात्र दुरुस्तीच्या मागे लागू नका. थोडे पैसे आणखी जमवा आणि कंपन्यांतून निघालेला जुना ऑफिस डेस्कटॉप बघा. आठव्या पिढीचा आय५ असेल तरच, कारण त्याच्यावर विंडोज ११ रीतसर चालतं. छोट्या चपट्या कॅबिनेटवाल्या मॉडेलचा एसएमपीएस त्याच कंपनीचा वेगळ्या मापाचा असतो, गेला तर बाजारातला साधा बसत नाही. म्हणून मोठं कॅबिनेट मिळालं तर ते घ्या. मिळालं तरी एक खबरदारी. चालू मशीनवर टॉवेल झाकून ठेवायची आपल्याकडे सवय आहे, धूळ बसू नये म्हणून. मशीन बंद केल्यावर झाका. चालू असताना अंगावर काही नको, टेबलाच्या बंद कप्प्यात नको आणि जमिनीवर नको. फूटभर उंच स्टुलावर ठेवा, जिन्यापासून लांबच्या भिंतीला. आणि दर दिवाळीला ऑफिस झाडाल तेव्हा हीटसिंकही उघडून झाडा.

आता तुम्ही तीन गोष्टी कळवा: पाच मिनिटांनंतरचा टास्क मॅनेजरचा फोटो, क्रिस्टलडिस्कइन्फोचा फोटो आणि रिस्टार्टच्या वेळांची यादी. कॅबिनेट उघडून बोर्डचा एक फोटो काढलात तर कपॅसिटर आणि सॅटाचे पोर्ट मीच बघून सांगतो. तोवर दुकानदाराला ॲडव्हान्स देऊ नका.